कमी पटाच्या शाळा आणि समूहशाळा: एका प्रश्नाचा आढावा

महाराष्ट्राच्या शिक्षण आयुक्तालयाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी सर्व जिल्ह्यांना एक पत्र पाठवले. ज्या शाळांचा पट वीस किंवा त्याहून कमी आहे, त्यांच्या जागी समूहशाळा उभारता येतील का हे तपासून प्रस्ताव पाठवा, असे त्यात म्हटले होते. त्या वेळी अशा शाळांची संख्या १४,७८३ होती. त्यांत १,८५,४६७ मुले शिकत होती आणि २९,७०७ शिक्षक शिकवत होते. म्हणजे एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक. हे आकडे प्रसिद्ध झाले तसे राज्यभर दोन तट पडले. एका बाजूने हा गरिबांच्या मुलांची शाळा बंद करण्याचा डाव ठरला, तर दुसऱ्या बाजूने बारा मुलांच्या शाळेला शाळा म्हणायचे तरी कसे, असा प्रश्न विचारला गेला.

या वादाला आता बरीच वर्षे झाली आहेत. मधल्या काळात शासन निर्णय निघाले, मागे घेतले गेले, मोर्चे झाले, इतर राज्यांत प्रकरणे न्यायालयात गेली. हा प्रश्न कुठून आला, त्यावर कोण काय म्हणते, इतरत्र काय अनुभव आला आणि अजून काय ठरायचे आहे, हे एकत्र मांडण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

१. शाळा वाडीपर्यंत पोहोचली कशी

प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत असावे ही कल्पना आपल्याकडे संस्थानी काळापासूनची. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या बडोदा संस्थानाला लागू केला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. 'झेडपीची शाळा' हे नाव तेव्हापासून रुळले.

गावातली शाळा वाडीवर, तांड्यावर, पाड्यावर जायला आणखी काही दशके लागली. २००० च्या सुमारास वस्तीशाळा सुरू झाल्या. मुख्य गावापासून दूर असलेल्या वस्तीवर, तिथल्याच एखाद्या शिकलेल्या तरुणाला किंवा तरुणीला तुटपुंज्या मानधनावर नेमून वर्ग भरवला जाई. कुठे देवळाच्या ओसरीवर, कुठे कुणाच्या पडवीत. पुढे यांतल्या अनेक शाळा नियमित झाल्या आणि वस्तीशाळा शिक्षकही लढून सेवेत कायम झाले.

या विस्ताराला कायद्याचा आधार मिळाला तो शिक्षणहक्क कायद्याने. २००९ मध्ये मंजूर झालेला हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. साठपर्यंत मुले असलेल्या प्राथमिक शाळेला किमान दोन शिक्षक, हे प्रमाणही याच कायद्याचे. थोडक्यात, आज ज्यांना 'कमी पटाच्या शाळा' म्हटले जाते त्यांतल्या बऱ्याच शाळा धोरणातूनच जन्माला आल्या. छोट्या वस्तीसाठी शाळा काढली, तर ती छोटीच असणार.

२. पट का घटला

जन्मतःच छोट्या असलेल्या शाळा आणि पुढे छोट्या झालेल्या शाळा यांत फरक करायला हवा. दुसऱ्या प्रकारामागे तीन कारणे ठळक दिसतात.

पहिले कारण लोकसंख्येचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा एकूण प्रजननदर १.७ आहे. पिढी जागच्या जागी राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ या दरापेक्षा तो बराच खाली आहे. मुलेच कमी जन्मत असतील, तर पहिलीचा वर्ग भरणार कुठून?

दुसरे कारण स्थलांतराचे. कोकणातली तरुण कुटुंबे मुंबई, ठाणे, वसई-विरारकडे गेली आणि मागे म्हातारी माणसे राहिली. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अनेक वाड्यांवर इमारत आहे, शिक्षक आहेत, पण मुले मोजकीच. मराठवाड्यातल्या ऊसतोड भागात हंगामात घरेच्या घरे कारखान्याच्या वाटेला लागतात. तिथे पट कागदावर असतो आणि वर्ग अर्धा रिकामा.

तिसरे कारण पालकांच्या पसंतीचे. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर खासगी, विशेषतः इंग्रजी माध्यमाच्या शाळा तालुक्याच्या गावापर्यंत आणि तिथून मोठ्या खेड्यांपर्यंत पोहोचल्या. त्यांच्या पिवळ्या गाड्या सकाळी वाडीच्या फाट्यावर येऊन उभ्या राहतात. ज्याला परवडते तो मूल त्या गाडीत बसवतो. झेडपीच्या शाळेत उरतात ती बहुतांशी शेतमजूर, आदिवासी, भटक्या समाजांतली आणि अल्पभूधारकांची मुले. त्यामुळे शाळा मोठी करण्याचा किंवा बंद करण्याचा निर्णय कुणाच्या बाबतीत घेतला जातो, हे या चर्चेत विसरून चालत नाही.

घटलेला पट वाढतच नाही असेही नाही. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत काही वर्षांपूर्वी अवघी तीन मुले उरली होती. शिक्षक आणि गावकऱ्यांनी मिळून ती उभी केली. पट शंभराच्या पुढे गेला आणि २०२५ मध्ये जागतिक पातळीवरच्या शालेय पुरस्कारांत तिचे नाव झळकले. अशी उदाहरणे थोडी आहेत, पण पटाचा आकडा म्हणजे शाळेचे कायमचे भविष्य नव्हे, एवढे ती दाखवतात.

३. प्रस्तावांचा प्रवास

२०१७ च्या अखेरीस शासनाने दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून तिथली मुले जवळच्या शाळांत समायोजित करण्याचे ठरवले. त्या वेळी जोरदार विरोध झाला. जवळची म्हणून दाखवलेली शाळा प्रत्यक्षात ओढ्यापलीकडे किंवा घाटाखाली आहे, अशा तक्रारी अनेक ठिकाणांहून आल्या.

२०२२ मध्ये वीसच्या आतल्या शाळांची माहिती मागवली गेली आणि वाद पुन्हा पेटला. त्याच वर्षी इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची शाळा बंद करण्यावरून मुले शेळ्या-बकऱ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेकडे निघाली. शाळा नसेल तर दप्तरे परत घ्या आणि राखायला बकऱ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. हा मोर्चा राज्यभर चर्चेत राहिला.

२०२३ च्या पत्रात 'बंद' हा शब्द टाळून 'समूहशाळा' हा शब्द आला. नंदुरबारमधले तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातले पानशेत या दोन ठिकाणांचे दाखले देण्यात आले. तोरणमाळला सातपुड्यातल्या विखुरलेल्या पाड्यांवरच्या मुलांसाठी निवासी शाळा उभी राहिली. पानशेतला धरणाच्या परिसरातल्या छोट्या शाळांतली मुले गाडीने एका सुसज्ज शाळेत आणली गेली.

यानंतर या प्रश्नाने शिक्षकांच्या पदांच्या दारातून प्रवेश केला. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचे निकष बदलले. वरच्या प्राथमिक वर्गांचा पट वीसच्या खाली गेला, तर तिथली पदेच जाण्याची शक्यता त्यातून निर्माण झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा निर्णय झाला. त्याला विरोध झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो रद्द करण्यात आला. सातवीच्या वर्गाला मान्य शिक्षकच नसेल, तर शाळा बंद केल्याचा आदेश न निघताही पालक मुलाचा दाखला काढून नेणार. म्हणून संचमान्यतेचा निकष आणि समूहशाळेचा प्रस्ताव यांचा विचार एकत्र करावा लागतो.

४. एकत्रीकरण म्हणजे नेमके काय

या वादातला बराच गोंधळ एकाच शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी आल्याने झाला आहे. त्या सुट्या केल्या तर मतभेद कुठे आहे ते स्पष्ट होते.

पहिला प्रकार एकाच आवारातल्या किंवा एकाच गावातल्या शाळा जोडण्याचा. मुलांची आणि मुलींची शाळा, किंवा प्राथमिक आणि वरची प्राथमिक, एका मुख्याध्यापकाखाली आणायची. यात मुलाला एक पाऊलही जास्त चालावे लागत नाही. मध्य प्रदेशाने 'एक परिसर, एक शाला' या योजनेत हेच केले. सुमारे ३५ हजार शाळा सुमारे १६ हजार शाळांत आणल्या. याला फारसा तात्त्विक विरोध होत नाही.

दुसरा प्रकार वाडीची शाळा बंद करून मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत गाडीने नेण्याचा. पानशेत या प्रकारात बसते. तिसरा निवासी शाळेचा, तोरणमाळसारखा. खरा वाद या दोन प्रकारांवर आहे.

चौथा प्रकार शाळा जागच्या जागी ठेवून त्यांचा समूह करण्याचा. याची मुळे कोठारी आयोगापर्यंत (१९६४-६६) जातात. दौलतसिंह कोठारी त्याचे अध्यक्ष आणि कोल्हापूर भागातले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक सदस्य-सचिव होते. माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळांनी एकमेकींना धरून राहावे, प्रयोगशाळा, ग्रंथालय, विषयतज्ज्ञ शिक्षक सामायिक वापरावेत, ही ती कल्पना. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात उभ्या राहिलेल्या केंद्रशाळा आणि ४,८६० केंद्रप्रमुखांची पदे हा तिचाच एक अवतार. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये हीच कल्पना 'शाळा संकुल' म्हणून पुन्हा आली. पाच ते दहा किलोमीटरच्या परिघातल्या अंगणवाड्यांसह सगळ्या शाळा एका माध्यमिक शाळेशी जोडाव्यात, असे ते म्हणते.

हे धोरण दोन्ही बाजू आपापल्या समर्थनासाठी वापरतात. देशातल्या सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांचा पट तीसच्या खाली आहे आणि एकशिक्षकी शाळांची संख्या लाखाच्या पुढे आहे, हे २०१६-१७ चे आकडे देऊन छोट्या शाळा चालवणे कठीण असल्याचे ते नोंदवते. मात्र शाळांचा एकाकीपणा कमी करण्यासाठी ते मुख्यतः संकुलाचा मार्ग सुचवते आणि शाळा घरापासून दूर जाऊ नये असेही बजावते.

५. बाजू

समूहशाळेच्या बाजूने असलेल्यांचा मुख्य मुद्दा मुलांच्या शिक्षणाचा आहे, पैशाचा नंतर. चौथीच्या वर्गात एकटीच मुलगी असेल तर ती कुणाबरोबर वाचणार, कुणाशी स्पर्धा करणार, खो-खोचा संघ कसा करणार? दोन शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात. त्यांतला एक बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की उरलेल्या एकाकडे सगळी शाळा. शालेय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज ही कामे शाळा बारा मुलांची असो की दोनशेची, करावीच लागतात. मोठ्या शाळेत हे काम वाटले जाते, विषयवार शिक्षक मिळतो, मैदान, संगणक, संगीत अशा गोष्टी शक्य होतात.

विरोधकांचा पाया कायद्याचा आणि समतेचा आहे. एक किलोमीटरच्या आत शाळा हा मुलाचा हक्क आहे, ती शासनाने दिलेली सवलत नव्हे. शाळा लांब गेली की आधी मुलींची गळती होते, मग धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्यांची, मग अपंग मुलांची. सहा वर्षांचे मूल पावसाळ्यात ओढा ओलांडून रस्त्यावर येणार, तिथे गाडीची वाट पाहणार, हे आई-बापांना धोक्याचे वाटते. वाडीवर शासनाची खूण म्हणून उरलेली एकमेव गोष्ट शाळा असते. मतदान, लसीकरण, ग्रामसभा, अडीअडचणीला निवारा, सारे तिथेच. आणि सहा मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण श्रीमंत पालक हजारो रुपये मोजून मिळवतात. गरिबाच्या मुलाला तेच मिळाले तर ते उधळपट्टी का ठरावे, हा विरोधकांचा प्रश्न बिनतोड आहे.

बहुवर्ग अध्यापनाबद्दलही दोन मते आहेत. एका मते अनेक इयत्ता एकत्र बसणे ही नाइलाजाची आणि कमी दर्जाची व्यवस्था. दुसऱ्या मते प्राथमिक टप्प्यावर वयाऐवजी पातळीनुसार गट केले, मोठ्या मुलांनी लहानांना शिकवले आणि शिक्षकाला तसे प्रशिक्षण मिळाले, तर छोटी शाळा उत्तम शिकवू शकते. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने घेतलेली झेप या मताच्या बाजूने सांगितली जाते. मात्र आपल्या शिक्षक-पदविकेच्या अभ्यासक्रमाचा भर एका इयत्तेच्या एका वर्गावर राहिला आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

शिक्षकांची भूमिका एकसंध नाही. संघटनांना पदे जाण्याची आणि समायोजनात दूर फेकले जाण्याची भीती आहे. दुर्गम शाळेत एकट्याने राबणाऱ्या शिक्षकाला सहकाऱ्यांची सोबत हवीशी वाटते, हेही खरे. पालकांतही एकमत नाही. जो बाप वाडीची शाळा वाचवायला मोर्चात येतो, त्याचाच शेजारी मुलाला बारा किलोमीटरवरच्या इंग्रजी शाळेत रोज गाडीने पाठवतो. अंतर पालकांना नेहमीच नको असते असे नाही. गाडी भरवशाची आणि पुढची शाळा खात्रीने चांगली असेल तर ते अंतर पत्करतात. सरकारी समूहशाळेबाबत या दोन्ही गोष्टींची खात्री त्यांना अजून वाटलेली नाही.

६. इतरत्र काय झाले

राजस्थानने २०१४ मध्ये सुमारे १७ हजार शाळांचे विलीनीकरण केले. तिथे पहिली ते बारावी एकत्र असलेल्या शाळांत शिक्षक आणि सुविधा वाढल्या, पण वस्तीजवळची शाळा गेल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की काही शाळा पुन्हा वेगळ्या कराव्या लागल्या.

उत्तर प्रदेशाने १६ जून २०२५ रोजी कमी पटाच्या शाळांच्या 'जोडणी'चा आदेश काढला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनऊ खंडपीठातील एकल न्यायमूर्तींनी ७ जुलैला त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. २४ जुलैला द्विसदस्यीय पीठाने मात्र सीतापूर जिल्ह्यापुरती 'जैसे थे' स्थिती ठेवायला सांगितले. पुढे शासनानेच एक किलोमीटरपेक्षा दूरच्या आणि पन्नासपेक्षा अधिक पटाच्या शाळा जोडल्या जाणार नाहीत, असे स्पष्ट केले. पटाच्या निकषाला अंतराचा निकष जोडावाच लागतो, हा यातला धडा.

चीनचा अनुभव सर्वांत मोठा. २००१ पासून तिथे खेड्यांतल्या शाळा मोठ्या प्रमाणात एकत्र केल्या गेल्या आणि दहा वर्षांत ग्रामीण प्राथमिक शाळांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. लांबचा प्रवास, लहान वयात वसतिगृह आणि वाढलेला घरखर्च यांवरून असंतोष वाढला. २०१२ मध्ये केंद्र सरकारने सरसकट विलीनीकरण थांबवून, पालकांचे मत घेतल्याशिवाय शाळा बंद करू नये, अशी दिशा दिली.

अमेरिकेत हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे, पण त्याचे रूप वेगळे. तिथे शाळा चालवणारी स्थानिक मंडळे, म्हणजे 'स्कूल डिस्ट्रिक्ट', एकत्र केली जातात. १९३९-४० मध्ये अशी १,१७,१०८ मंडळे होती, आज सुमारे १३ हजार आहेत. आपल्याकडे हे काम जिल्हा परिषदेने १९६२ पासूनच एका छत्राखाली आणले आहे, त्यामुळे प्रशासन एकत्र करून होणारी बचत आपल्याला पुन्हा मिळणार नाही. तरी तिथल्या कार्यपद्धतीतून शिकण्यासारखे आहे. न्यू जर्सी राज्यात आधी व्यवहार्यता अभ्यास होतो. मुले, इमारती, कर, वाहतूक आणि शिक्षकांच्या सेवाशर्ती यांवर एकत्रीकरणाचा काय परिणाम होईल हे लिहून काढले जाते आणि मग संबंधित गावांत मतदान होते. २०१३ मध्ये अशाच मतदानातून साउथ हंटरडनचे एकत्रित मंडळ ठरले. २०२२ च्या कायद्याने अशा अभ्यासांना अनुदानही दिले. याउलट मेन राज्याने २००७ मध्ये २९० मंडळांवरून सुमारे ८० वर येण्याचे उद्दिष्ट वरून लादले. ते गाठता आले नाही आणि नंतर कित्येक गावे एकत्रित मंडळांतून बाहेर पडली.

७. पुरावा काय सांगतो

खर्चाबद्दल सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास विल्यम डंकोम्ब आणि जॉन यिंगर यांचा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रामीण मंडळांचा अभ्यास करून त्यांनी दाखवले की अगदी छोटी मंडळे एकत्र आली तर मोठी बचत होते, पण आकार वाढत जातो तशी बचत आटते आणि इमारतींवरचा खर्च काही काळ वाढतो. हे निष्कर्ष महाराष्ट्राला जसेच्या तसे लागू होत नाहीत. आपल्याकडे शाळेच्या खर्चाचा मोठा भाग वेतनाचा आहे. शिक्षकांचे समायोजन झाले तर वेतन तेवढेच राहते आणि त्यात गाडी, इंधन, चालक, मदतनीस यांचा खर्च वाढतो. म्हणजे बचत व्हायची तर पदे कमी व्हायला हवीत. पदे कमी होणार नाहीत असे आश्वासन आणि बचतीचा दावा, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत.

अंतराबद्दलचा पुरावा अधिक ठाम आहे. अफगाणिस्तानच्या घोर प्रांतात डाना बर्डे आणि ली लिंडन यांनी गावातच शाळा काढून केलेल्या प्रयोगात, घर आणि शाळेतले अंतर मैलभर वाढले की नोंदणी सुमारे १६ टक्केबिंदूंनी घटते असे आढळले. मुलींवरचा परिणाम त्याहून मोठा होता. महाराष्ट्र म्हणजे घोर नव्हे, हे खरेच. पण सातपुडा, मेळघाट, जव्हार-मोखाडा किंवा भामरागड इथल्या पाड्यांचा विचार करताना हा निष्कर्ष बाजूला सारता येत नाही.

वाहतुकीची सोय केली तर अंतराचा परिणाम कमी होतो, याचाही पुरावा आहे. बिहारच्या सायकल योजनेवरील कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात माध्यमिक वर्गांतल्या मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. आपल्याकडच्या मानव विकास मिशनच्या गाड्या आणि सायकली याच विचारातून आल्या. मात्र चौदा वर्षांची मुलगी सायकल चालवते, सहा वर्षांचे मूल चालवू शकत नाही. म्हणून माध्यमिकसाठी जे लागू पडते ते पहिली-दुसरीसाठी पडेलच असे नाही. इयत्तानिहाय वेगळा विचार करण्याचे हे सर्वांत सबळ कारण आहे.

८. न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न निकषाचा. वीस ही संख्या एकट्याने काहीच सांगत नाही. एकाच गावात तीनशे मीटरवर दोन शाळा असणे आणि डोंगरापलीकडे एकच शाळा असणे, दोन्हींचा पट अठरा असू शकतो. शिवाय नकाशावरचे अंतर आणि पायवाटेचे अंतर वेगळे, उन्हाळ्यातली वाट आणि आषाढातली वाट वेगळी.

दुसरा वाहतुकीच्या जबाबदारीचा. समग्र शिक्षा अभियानातून मिळणारा वाहतूक भत्ता एका मुलामागे वर्षाला सहा हजार रुपयांपर्यंत आहे. दुर्गम भागात तेवढ्यात गाडी परवडत नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून पहिली दोन-तीन वर्षे गाडी मिळेल. निधी आटल्यावर, गाडी बंद पडल्यावर, चालक न आल्यावर उत्तर कोण देणार? तोवर वाडीची शाळा तर गेलेली असेल.

तिसरा संमतीचा. शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामसभा यांचे मत केवळ नोंदवायचे की ते बंधनकारक मानायचे? पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभेचा अधिकार याबाबतीत कुठवर जातो?

चौथा पाठपुराव्याचा. शाळा बंद झाल्यावर तिथले प्रत्येक मूल कुठे गेले, किती दिवस हजर राहिले, वर्षाअखेर काय शिकले, याची नावनिशीवार नोंद ठेवल्याशिवाय समूहशाळा यशस्वी झाली की नाही हे ठरवता येणार नाही. आधार आणि विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदींच्या सरल प्रणालीमुळे अशी नोंद ठेवणे आज तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेले नाही.

पाचवा न घडलेल्या प्रयोगाचा. शाळांची देशव्यापी माहिती गोळा करणाऱ्या यूडायस प्रणालीच्या २०२४-२५ च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात ८,१५२ शाळा एकशिक्षकी आहेत. दोन शिक्षकांची कायदेशीर पूर्तता, बहुवर्ग अध्यापनाचे खरे प्रशिक्षण, केंद्रशाळेत आठवड्यातून एक दिवस सगळ्या वाड्यांची मुले एकत्र आणणे, फिरते कला-क्रीडा शिक्षक, हा चौथ्या प्रकारचा समूह पुरेशा निधीसह राज्यभर राबवून झालेलाच नाही. केंद्रप्रमुखांची पदे कित्येक वर्षे मोठ्या प्रमाणात रिक्त राहिली. जो मार्ग नीट चालून पाहिला नाही, तो फसला असे म्हणता येत नाही.

९. आज आपण कुठे आहोत

एवढ्या वादानंतर काही बाबतींत बरेचसे एकमत झाले आहे. एकाच आवारातल्या शाळा जोडायला हरकत नाही. चौथी-पाचवीपर्यंतची मुले वस्तीजवळच शिकावीत. सहावीपासून पुढे, विषयशिक्षक आणि प्रयोगशाळा लागतात तिथे, भरवशाच्या गाडीसह समूहशाळा उपयोगी ठरू शकते. अतिदुर्गम भागात निवासी शाळा हा पर्याय असावा, सक्ती नसावी. मतभेद उरतो तो पहिली ते पाचवीच्या एकट्या, छोट्या शाळांबद्दल आणि त्यांच्याबाबत निर्णय घेण्याच्या पद्धतीबद्दल.

या पद्धतीबाबत मात्र संदिग्धता ठेवण्याचे कारण नाही. राज्यभरासाठी एक आकडा आणि ठरावीक तारखेच्या आत प्रस्ताव, या मार्गाने हा प्रश्न सुटत नाही, हे २०१७ पासूनच्या घडामोडींनी दाखवले आहे. प्रत्येक शाळेचा स्वतंत्र, लेखी आणि गावासमोर वाचून दाखवलेला अभ्यास हवा. त्यात पायवाटेचे अंतर, पावसाळ्यातली वाट, पुढच्या पाच वर्षांत पहिलीत येणारी अंगणवाडीतली मुले, गाडीचा कायम खर्च आणि तो उचलणाऱ्या खात्याचे नाव असावे. समूहशाळा आधी उभी राहावी, गाडी एक पूर्ण पावसाळा चालावी आणि मगच वाडीच्या शाळेबद्दल ग्रामसभेने ठरवावे. वर्षभरात मुले गळू लागली, तर शाळा पुन्हा उघडण्याची तरतूद त्याच आदेशात असावी.

पालकांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनीही वाट पाहत बसू नये. आपल्या शाळेच्या नावाने असा प्रस्ताव गेला आहे का, त्यात कोणती शाळा 'जवळची' म्हणून दाखवली आहे आणि तिचे अंतर कुणी मोजले, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. तो त्यांनी जरूर वापरावा.